तेरेझीनच्या चित्रकलेच्या बाई

दिवाळीची सुटी लागली की आमच्या आळीतल्या अंगणांतून किल्ले उभे राहू लागतात. माती कोठून आणायची, दगड कोणाच्या बांधकामावरून उचलायचे, पोत्याला चिखल फासून डोंगर कसा करायचा, उतारावर अळीव पेरायचे की मोहरी, याविषयी मुलांच्या ज्या मसलती चालतात त्यांत मोठ्या माणसांना प्रवेश नसतो. शाळेत कागदावर साधा चौकोन काढताना तीनदा खोडणारा मुलगा येथे बुरूज, चोरदरवाजा आणि पाण्याचे टाके असा सगळा आराखडा डोक्यात घेऊन हिंडत असतो. माझ्यासारख्या प्राथमिक शाळेतल्या मास्तराला या चार दिवसांत जे पाहायला मिळते ते वर्षभरात वर्गात क्वचितच मिळते.

आज मी वाचकांना ज्या किल्ल्याची हकीकत सांगणार आहे तो मात्र मुलांनी रचलेला नाही. तो खराखुरा आहे, आणि आपल्या देशापासून फार दूर, आजच्या चेक प्रजासत्ताकात, प्राग शहराच्या उत्तरेस आहे. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने १७८० साली तो बांधावयास घेतला आणि आपली आई मारिया तेरेसा हिचे नाव त्याला दिले. चेक लोक त्याला तेरेझीन म्हणतात, जर्मन लोक थेरेझीनश्टाट. या किल्ल्यात १९४२ ते १९४४ अशी जेमतेम दोन वर्षे चित्रकलेचा एक वर्ग चालला. सणासुदीच्या अंकात ही गोष्ट कशाला, असे कोणास वाटेल. पण लहान मुलांना चित्रकला शिकवायची ती कशासाठी, या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर मला दुसरे कोठे मिळालेले नाही.

गोष्ट थोडी मागून सांगावी लागेल. एकोणिसाव्या शतकात युरोपात शाळाशाळांतून चित्रकला सुरू झाली ती मुलांच्या आनंदासाठी नव्हे. गिरण्या आणि कारखाने वाढत होते. सुतार, लोहार, विणकर, कोरीवकाम करणारे यांचा हात आणि नजर तयार असणे जरूर होते. म्हणून मुलांपुढे छापील नमुने ठेवायचे आणि त्यांची हुबेहूब नक्कल करून घ्यायची. ऑस्ट्रियात तर कागदावर आधीच ठिपके छापलेले असत आणि मुलांनी ते सांगितल्याप्रमाणे रेघांनी जोडायचे असत. आपल्याकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखाच हा प्रकार. फरक इतकाच, की रांगोळी घालणारी मुलगी ठिपक्यांतून आपल्या मनचे काहीतरी काढून जाते, त्या वर्गात तशी मुभा नसे.

आपल्याकडेही शाळेतली चित्रकला आली ती याच वाटेने. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून मुंबईचे कलाविद्यालय १८५७ साली सुरू झाले, तेव्हा तेथेही कारागिरांचा हात सुधारावा हा एक मोठा हेतू होता. पुढे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षा महाराष्ट्राच्या घराघरांत पोचल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती! सुरई आणि तिच्या शेजारचा कांदा कागदाच्या बरोबर मध्यावर आणण्यासाठी एक डोळा मिटून, पेन्सिल हातभर लांब धरून माप घेणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. या परीक्षांनी कित्येकांचा हात घडवला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण सहा वर्षांच्या मुलाला मापाची गरज नसते. त्याला आधी काही सांगायचे असते.

ही गोष्ट ज्यांच्या प्रथम ध्यानी आली त्यांत व्हिएन्नाचे फ्रान्झ चिझेक यांचे नाव घेतले जाते. १८६५ साली जन्मलेला हा तरुण चित्रकला शिकण्यासाठी व्हिएन्नास आला आणि एका गरीब कुटुंबाच्या बिऱ्हाडी राहिला. घरातली मुले त्याच्या रंगांशी खेळत. समोर एक लाकडी कुंपण होते; त्यावर गल्लीतली मुले खडूने चित्रे काढीत, पुसत, जागेसाठी भांडत. चिझेक खिडकीतून पाहत असत. त्यांच्या लक्षात आले, की ही मुले मोठ्यांच्या चित्रांची वाईट नक्कल करीत नाहीत; त्यांची म्हणून एक चित्रभाषा आहे, आणि तिला नियमही आहेत. १८९७ साली त्यांनी मुलांसाठी स्वतंत्र वर्ग काढला. तेथे नमुने नव्हते, ठिपके नव्हते. मुलांनी यावे, मनात येईल ते काढावे, कापावे, घडवावे, आणि गुरुजींनी मधे पडू नये, असा रिवाज होता. १९०८ साली लंडनला चित्रशिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली तेव्हा या वर्गाचे काम जगापुढे आले. पहिल्या महायुद्धानंतर त्या चित्रांची प्रदर्शने इंग्लंडात फिरली आणि त्यांतून उपाशी मुलांसाठी पैसा उभा करण्यात आला.

चिझेक यांच्यावर टीकाही झाली. मधे न पडणाऱ्या गुरुजींच्या वर्गातली चित्रे इतकी नेटकी आणि एकमेकांसारखी कशी, असे काहींनी विचारले. तो प्रश्न रास्त होता. मास्तर काही बोलला नाही तरी त्याला काय आवडते हे मुलांना बरोबर कळते. त्याची मान किंचित हलली तरी पुरते. हे मी अनुभवाने सांगतो. मुलाला नुसते मोकळे सोडूनही भागत नाही. त्याची नजर उघडावी लागते, आणि ती उघडताना आपली आवड त्याच्यावर लादली जाणार नाही याला जपावे लागते. ही कसरत कशी करावी हे ज्या शिक्षिकेने दाखवले ती काही काळ याच चिझेक यांच्या हाताखाली शिकली होती. तिचे नाव फ्रीडल डिकर. आपल्याकडे मुले शिक्षिकेला बाई म्हणतात, म्हणून मीही त्यांना फ्रीडलबाई म्हणणार आहे.

फ्रीडलबाईंचा जन्म व्हिएन्नात ३० जुलै १८९८ रोजी एका ज्यू कुटुंबात झाला. लहानपणीच आई गेली. वडील कागद-पेन्सिलींच्या दुकानात नोकरीस होते. आईवेगळी पोर आणि कागद-रंगांचे दुकान. यापुढचे वाचकांनी कल्पावे. छायाचित्रण शिकून झाल्यावर त्या कलाशाळेत गेल्या, आणि तेथून योहानेस इटेन नावाच्या विलक्षण गुरूकडे. इटेन चित्रकलेचा तास श्वासाच्या आणि शरीराच्या व्यायामाने सुरू करीत. हात सैल झाल्याखेरीज रेघ सैल होत नाही, असे त्यांचे मत. १९१९ साली इटेन जर्मनीत वायमार येथे नुकत्याच निघालेल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवण्यास गेले. त्यांच्यामागून फ्रीडलबाईही गेल्या आणि १९२३ पर्यंत तेथे राहिल्या. पुढे व्हिएन्नास परतून त्यांनी फ्रान्झ सिंगर या सहकाऱ्याबरोबर घरांची आणि सामानसुमानाची रचना करण्याचा व्यवसाय केला. त्यांच्या कामांपैकी एक म्हणजे व्हिएन्नातल्या कामगारवस्तीतील एक माँटेसरी बालमंदिर. माँटेसरी हे नाव मराठी वाचकांना परके नाही. ज्या वर्षांत व्हिएन्नात हे बालमंदिर सजत होते त्याच सुमारास आपल्या ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्याच पद्धतीचे काम करून बालशिक्षणाच्या मार्गाला लागलेल्या होत्या. जगाच्या दोन कोपऱ्यांत दोन बायका लहान मुलांच्या उंचीवरून जग पाहू लागल्या होत्या, एवढाच याचा अर्थ.

मग काळ बदलला. १९३४ साली व्हिएन्नात राजकीय दंगल झाली. कम्युनिस्ट चळवळीतल्या संबंधामुळे फ्रीडलबाईंना अटक झाली. सुटल्यावर त्या प्रागला गेल्या. तेथे त्यांनी पळून आलेल्या निर्वासितांच्या मुलांना चित्रे काढावयास शिकवण्यास सुरुवात केली. देश, घर, शाळा, भाषा सारे सुटलेली ही मुले. चित्रात त्यांना काय हवे असते, हे फ्रीडलबाईंनी तेथे पाहिले. १९३६ साली त्यांनी आपले नातलग पावेल ब्रँडाइस यांच्याशी लग्न केले.

१९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. ज्यांना शक्य झाले ते देश सोडून निघाले. त्यांतले एक चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आपल्या ज्यू पत्नीसह थेट मुंबईस आले, टाइम्स ऑफ इंडियाचे कला-संचालक झाले, आणि त्यांच्या घरी आरा, रझा, हुसेन यांच्यासारखे होतकरू चित्रकार जमू लागले. मुंबईच्या नव्या चित्रकलेवर त्या घराचे मोठे उपकार आहेत. फ्रीडलबाईंनाही परदेशी निघून जाण्याची संधी आली होती, परंतु पतीला मागे टाकून त्या गेल्या नाहीत. दोघे ह्रोनोव्ह या लहान गावी जाऊन राहिली. १९४२ च्या डिसेंबरात तेथेही बोलावणे आले.

बोलावणे तेरेझीनचे होते. जर्मनांनी तेथील मूळच्या नागरिकांना घालवून तो सारा तटबंद गाव ज्यू लोकांचा कोंडवाडा केला होता. युद्धापूर्वी सैनिक धरून जेथे सात हजारांच्या आसपास वस्ती होती तेथे १९४२ च्या सप्टेंबरात ५०,००० हून अधिक माणसे कोंबलेली होती. तीन मजली फळ्यांवर झोपायचे, पाण्यासारख्या रश्शासाठी रांग लावायची, आणि पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीच्या यादीत आपले नाव निघते की काय याची वाट पाहायची, हे तेथले जीवन. सुमारे ३३,००० माणसे तर त्या किल्ल्यातच भुकेने आणि रोगाने गेली. प्रत्येकाला येतानाच एक क्रमांक मिळे. नाव सांगण्याचे काम फारसे पडत नसे.

अशा ठिकाणी जाणाऱ्याला ५० किलो सामान नेता येई. माणूस काय नेईल? गरम कपडे, भांडे, पांघरूण, औषध. फ्रीडलबाईंनी आपल्या वाट्याच्या सामानात कागद, रंग आणि चित्रकलेचे साहित्य भरले. त्यांनी चादरीही रंगवून घेतल्या होत्या, म्हणजे मुलांच्या नाटकाला त्या पडद्यासारख्या उपयोगी पडतील. तेथे मुले असणार, हे त्यांनी गृहीत धरले होते. सामान बांधतानाच त्या वर्गाची तयारी करीत होत्या.

तेरेझीनमध्ये मुलांसाठी वेगळी वसतिगृहे होती, कारण कैद्यांच्या पंचमंडळाने निदान मुलांना तरी थोडे बरे ठेवायचे असे ठरवले होते. शिकवण्यास बंदी होती. गणित, भूगोल, भाषा हे सारे चोरून, दाराशी पहारा ठेवून शिकवले जाई. गाणे आणि चित्रे मात्र चालत. पहारेकऱ्यांच्या लेखी तो मुलांना गुंतवून ठेवण्याचा उद्योग होता. सरकारी दृष्टीने निरुपद्रवी ठरल्यामुळेच चित्रकलेचा तास उघडपणे चालू शकला. आपल्याकडेही या तासाला बिनमहत्त्वाचा समजतात. पण त्या उपेक्षेने तेथे मुलांचे भलेच केले म्हणायचे.

मुलींच्या वसतिगृहात फ्रीडलबाई राहत आणि वर्ग घेत. नेलेला कागद किती दिवस पुरणार? मग जुन्या कचेऱ्यांतले रद्दी फॉर्म, हिशेबाचे कागद, गुंडाळण्याचे कागद, जे मिळेल ते आले. पाठकोऱ्या बाजूवर चित्रे काढायची. रंग संपले तर रंगीत कागदाचे तुकडे फाडून चिकटवायचे. आज ती चिकटचित्रे पाहिली तर आकाशाच्या जागी हिशेबाच्या छापील रेघा दिसतात, डोंगराच्या अंगावर कोठल्याशा कचेरीचे रकाने उमटलेले असतात. मुलांच्या नजरेला तो अडथळा वाटला नाही. छापील रेघांचे त्यांनी नांगरलेले शेत केले, पाणी केले.

शिकवण्याची रीत इटेन गुरुजींच्या तालमीतली, परंतु लहानग्यांना झेपेल अशी घडवलेली. आधी हात हवेत फिरवायचे. ताल धरायचा, कधी भरभर, कधी संथ. मग तोच ताल रेघेत उतरवायचा. रेघ सुबक आली पाहिजे असा आग्रह नाही. मग उजेड आणि अंधार: काळ्यावर पांढरे कसे बोलते, पांढऱ्यावर काळे कसे. मग समोरची वस्तू: एक भांडे, एक लाकडी बूट, कुंडीतले रोप. मग जुन्या थोर चित्रकारांची चित्रे: त्यांची नक्कल करावयाची नाही, तर त्यांत उजेड कोठून येतो, माणसे कशी मांडली आहेत हे पाहायचे आणि कागदाच्या तुकड्यांनी आपल्या परीने रचायचे. खिडकीतून पाहायचे. तटाच्या पलीकडे दूर डोंगर दिसत, ते काढायचे. आणि काही वेळा काहीच सांगायचे नाही. ज्याला जे हवे ते त्याने काढावे.

१९४३ साली त्यांनी मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन किल्ल्यातच भरवले आणि मुलांच्या देखभालीस असलेल्या मंडळींपुढे बालचित्रांवर एक व्याख्यान दिले. त्याचा मसुदा सुदैवाने शिल्लक आहे. त्यातला विचार थोडक्यात असा: या तासाचा हेतू मुलांना चित्रकार करण्याचा नाही. त्यांच्यातली निर्मितीची आणि स्वतंत्रपणे वागण्याची शक्ती मोकळी व्हावी, कल्पना जागी व्हावी, पाहण्याची आणि पारखण्याची ताकद वाढावी, हा हेतू आहे. आपण मोठी माणसे मुलांना आपल्यासारखे करण्याची घाई का करतो, आपण स्वतःवर इतके संतुष्ट आहोत काय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. जो मुलाला वाट आखून देतो तो त्याला त्याच्याच बळापासून दूर नेतो, हे त्यांनी बजावले. थोड्या साहित्यात अनेकांनी काम करायचे म्हणजे एकमेकांसाठी थांबावे लागते, द्यावे लागते, हेही त्यांनी नोंदले. भुकेल्या मुलांनी रंगाची एक कांडी पाळीपाळीने वापरावी, ही केवढी गोष्ट आहे याची कल्पना आम्हा मास्तरांना चटकन येईल.

आणि प्रत्येक चित्रावर मुलाने आपले नाव लिहायचे. कोठे नुसते नाव आहे, कोठे वय, कोठे खोलीचा क्रमांक. आपल्याकडे हे इतके साधे वाटते, की त्यात काही विशेष आहे असे कोणास वाटणार नाही. मुले नाव घालतात, मास्तर शेरा मारतात. पण ज्या गावात माणसाची ओळख यादीतल्या क्रमांकाने होई, त्या गावात दहा वर्षांची मुलगी कागदाच्या कोपऱ्यात आपले नाव अक्षर लावून लिहीत होती. हे चित्र मी काढले, असे सांगणारे दुसरे कोणतेही कागदपत्र तिच्यापाशी नव्हते.

काय काढीत होती ही मुले? फुले, बागा, फुलपाखरे, धूर निघणारे घर, जेवणाचे टेबल, सणाची रात्र, परीकथा, राजकन्या. आणि तीन मजली फळ्या, रांगा, पहारेकरी, प्रेते वाहण्याच्या गाड्याही. कारण तेथे त्याच गाड्यांतून पावही येई आणि म्हातारी माणसेही नेली जात. एका चित्रात सुख आणि दुसऱ्यात दुःख अशी वाटणी मात्र करता येत नाही. एखाद्या घराला दारच नसते. एखाद्या बागेभोवती कुंपण फार उंच असते. फ्रीडलबाई चित्राचा अर्थ विचारीत बसत नसत. मुलाने काढले, त्यात त्याचे मन लागले, हात सैल झाला, एवढे त्यांना त्या तासापुरते पुरे होते.

१९४४ च्या जून महिन्यात, २३ तारखेस, आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे पाहुणे तेरेझीन पाहण्यास आले. त्यापूर्वी जर्मनांनी किल्ला रंगवून घेतला, बाक बसवले, फुलझाडे लावली आणि गर्दी कमी दिसावी म्हणून हजारो माणसे आधीच ऑश्विट्झला धाडून दिली. पाहुणे पाहून गेले. मोठ्या माणसांनीही चित्र काढले होते. पण त्यात एक रेघ खरी नव्हती. त्याच भिंतींआड एखादी मुलगी रद्दी कागदावर आपली खरी खोली काढीत होती.

शरद ऋतूत गाड्या पुन्हा सुरू झाल्या. २८ सप्टेंबर ते २८ ऑक्टोबर या एका महिन्यात सुमारे १८,००० माणसे तेरेझीनहून ऑश्विट्झला गेली. पावेल ब्रँडाइस पहिल्याच गाडीत होते. फ्रीडलबाईंनी आपण होऊन पुढच्या गाडीत नाव घातले. ६ ऑक्टोबरला त्या निघाल्या. ९ ऑक्टोबर १९४४ रोजी ऑश्विट्झच्या छावणीत त्यांना ठार मारण्यात आले. वय ४६ वर्षांचे. त्या गाड्यांतून त्यांचे कितीतरी विद्यार्थीही गेले आणि परतले नाहीत. पती मात्र वाचले.

मागे राहिल्या दोन पेट्या. त्यांत मुलांची सुमारे ४,५०० चित्रे होती. युद्ध संपल्यावर १९४५ साली मुलींच्या वसतिगृहाचे विली ग्रोग यांनी त्या पेट्या प्रागला नेऊन तेथील ज्यू समाजाच्या स्वाधीन केल्या. आज ती चित्रे प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. १९५९ साली त्यांतल्या काहींचे, मुलांच्या कवितांसह, पुस्तक निघाले आणि मग जगाला या वर्गाची माहिती झाली. प्रागला फ्रीडलबाईंच्या हाताखाली मदत करणारी एडिथ क्रेमर नावाची मुलगी १९३८ साली अमेरिकेस गेली होती. तिने पुढे न्यूयॉर्कमध्ये मनाने दुखावलेल्या मुलांबरोबर चित्रांतून काम केले. चित्राच्या साहाय्याने मनाचा उपचार करण्याचे जे शास्त्र आज जगभर शिकवतात, त्याच्या आद्य प्रवर्तकांत तिची गणना होते. ती २०१४ साली वारली. म्हणजे त्या वर्गाचा धागा तुटला नाही.

तथापि एवढ्याने माझे समाधान होत नाही, आणि वाचकांचेही होऊ नये. चित्रांनी मुले वाचली का? नाही वाचली. बहुतेक मुले मारली गेली. शिकवलेले पुढे उपयोगी पडते, या विश्वासावर आम्हा शिक्षकांचा धंदा चालतो. तेरेझीनमध्ये पुढे असे काही नव्हतेच. मग कशासाठी? बाईंना शेवट ठाऊक नव्हता हे खरे. परंतु त्यांना भाबड्याही समजू नये. गाड्या जात होत्या, वर्गातल्या जागा रिकाम्या होत होत्या. तरी त्या तास घेत राहिल्या. मला वाटते, त्या मुलांना भविष्यासाठी तयार करीतच नव्हत्या. तो तास हेच त्या मुलाचे आयुष्य होते, आणि ते त्याला पुरतेपणी मिळावे एवढी त्यांची खटपट होती. बालपण ही पुढच्या परीक्षेची तयारी नसून ते स्वतःच एक आयुष्य आहे, हे शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत आपण वाचतो. त्या किल्ल्यात ते शब्दशः खरे होते.

हे सांगितल्यावर आपल्या शाळांकडे वळणे थोडे अवघड वाटते. परमेश्वराच्या कृपेने आपली मुले कोंडवाड्यात नाहीत. त्यांच्यापुढे वर्षे पडली आहेत. पण म्हणूनच विचारावेसे वाटते, की त्यांच्या चित्रकलेच्या तासाचे आपण काय करतो? गणिताचा भाग राहिला की पहिला बळी त्या तासाचा. आणि तास झालाच तर फळ्यावर काढून दिलेले चित्र उतरवून घ्यायचे. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळणाची नदी, काठी झोपडी, नारळाचे झाड आणि आकाशात बरोबरच्या खुणेसारखे चार पक्षी! हे चित्र महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळेत, कोणत्याही इयत्तेत सापडेल. ज्या गावी डोंगर नाही, नदीला पाणी नाही आणि नारळ केवळ देवळात दिसतो, तेथली मुलेही हेच काढतात. मुलाने ते पाहून काढलेले नसते. हे काढले की शाबासकी मिळते, हे त्याने हेरलेले असते.

साहित्य नाही ही सबब आता मला पटत नाही. माझ्या तिसरीच्या वर्गात मी मुलांना घरून रद्दी आणावयास सांगितली. जुन्या लग्नपत्रिका आल्या, दिनदर्शिकेची पाने आली, साबणाची वेष्टने आली. कात्री नाही, हाताने फाडायचे, घरची खळ. विषय दिला, “आपल्या घराजवळची एक जागा”. एका मुलीने लग्नपत्रिकेच्या लालभडक कागदाची विहीर केली. शेजारच्या मुलाने हटकले, “विहीर कुठं लाल असती का?” ती मान वर न करता म्हणाली, “आमची उन्हाळ्यात अशीच तापती. पाय ठेववत न्हाई.” मी जवळच उभा होतो. मला बोलण्यासारखे काही उरले नव्हते. तिने विहीर पाहिली होती, आणि पायांनी पाहिली होती.

आपल्याकडे या गोष्टी कोणी केल्याच नाहीत असे नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. त्यांच्या जोडीला अनुताई वाघ होत्या. माँटेसरीची महाग साधने वारली मुलांच्या झोपडीत कोठून येणार? या दोघींनी शिंपले, बिया, पाने, दगड, माती हीच साधने मानली. दारिद्र्य होते ते साधनांचे. मुलांच्या हातांचे नव्हते. त्याच डहाणूच्या मुलखातली वारली चित्रे पुढे जगभर गेली, हे सर्वश्रुत आहे. तांदळाच्या पिठाने कुडाच्या भिंतीवर काढणाऱ्यांना कोणी छापील नमुना दिलेला नव्हता.

तेव्हा या सुटीत घरातले मूल एखादे चित्र घेऊन तुमच्यापुढे आले, तर माझी एक विनंती आहे. हे काय आहे, असे एकदम विचारू नका, आणि सुंदर म्हणून बाजूलाही सारू नका. घटकाभर पाहा. झाड निळे असेल तर निळे असू द्या. नंतर त्याला खाली नाव आणि तारीख घालावयास सांगा, आणि तो कागद रद्दीत जाऊ देऊ नका.

प्रागला पिंकास नावाचे जुने सिनगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, आहे. त्याच्या भिंतींवर बोहेमिया आणि मोराव्हिया या प्रांतांतल्या मारल्या गेलेल्या सुमारे ८०,००० ज्यूंची नावे हाताने लिहिली आहेत. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या मुलांची चित्रे लावलेली आहेत. खालच्या भिंतींवरची नावे युद्धानंतर इतरांनी, यादी पाहून लिहिली. वरच्या चित्रांच्या कोपऱ्यांतली नावे त्या मुलांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली आहेत. कोणाची अक्षरे कागदाबाहेर चालली आहेत, कोणाचे शेवटचे अक्षर जागा न उरल्यामुळे खाली वळले आहे.